परदेशी जाताना खिशात कुठली नोट? रायगड ते युक्रेन, साडेतीनशे वर्षांचा हिशोब

ज्यांना ऐकायला वेळ नाही, वाचायला आहे, त्यांच्यासाठी हा या आठवड्याच्या एपिसोडचा लेखी अवतार. बोलताना इकडं-तिकडं भरकटलेलं थोडं कापलंय, बाकी सगळं तसंच आहे.

विषय साधा आहे. परदेशी निघालाय. फोनमध्ये यूपीआय आहे, खिशात फॉरेक्स कार्ड आहे, एक क्रेडिट कार्डही आहे. तरी घरातलं कुणीतरी म्हणतंच, "थोडी कॅश असू दे जवळ." मग प्रश्न येतो, कुठली? डॉलर? युरो? जिथं चाललोय तिथलं चलन? की आपले रुपयेच?

आता हा इतिहासाचा पॉडकास्ट आहे, ट्रॅव्हलचा नाही. पण या प्रश्नाला फार जुना आणि चक्क आपल्या कोल्हापूरचा इतिहास आहे. आणि त्या इतिहासातून एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बाहेर येते. पैसा किती भारी आहे हे देणारा ठरवत नाही, घेणारा ठरवतो. आज हेच जरा इस्कटून सांगतो.

रायगड, १६७४: महाराजांचं उत्तर

सुरुवात रायगडावरून करू. मे १६७४. राज्याभिषेकाची तयारी चालू आहे. मुंबईहून ईस्ट इंडिया कंपनीचा वकील हेन्री ऑक्झेंडन गडावर आलाय. नजराणा घेऊन आलाय, पण खरं काम वेगळं आहे. कंपनीला स्वराज्याबरोबर व्यापारी करार पाहिजे. मागण्यांची यादीच आहे सोबत. त्यातली एक मागणी नाण्यांची. कंपनीने मुंबईत स्वतःची नाणी पाडायला नुकतीच सुरुवात केली होती, आणि ती नाणी महाराजांच्या मुलखात चालावीत अशी इंग्रजांची इच्छा होती.

यावर शिवाजी महाराजांचं म्हणणं काय होतं, ते इंग्रजांच्याच कागदपत्रांत नोंदलेलं आहे. मथितार्थ असा: या कलमाची गरजच नाही. माझ्या मुलखात मी कुठल्याही नाण्याला बंदी घातलेली नाही. पण ज्यात रयतेचं नुकसान होईल असं नाणं घ्या, अशी सक्तीही मी करणार नाही. तुमच्या नाण्यात मोगलांच्या आणि इतर राजांच्या नाण्यांइतकी शुद्धता आणि वजन असेल, तर लोक आपणहून घेतील.

काय उत्तर आहे बघा. त्याच सुमारास स्वराज्याचे स्वतःचे होन आणि शिवराई पडत होत्या. दुसरा एखादा राजा म्हणाला असता, माझं नाणं सोडून बाकी सगळं बंद. महाराजांनी निर्णय बाजारातल्या माणसावर सोडला. त्याला पटलं तर तो घेईल, नाही पटलं तर नाही. राज्याभिषेक ६ जून १६७४ला झाला. ही ६ जून तारीख लक्षात ठेवा, पुढं परत येणार आहे.

बट्टा, सराफ आणि हुंडी

पुढच्या शंभर-दीडशे वर्षांत मराठी मुलखात किती प्रकारचे रुपये चालत होते? अंकुशी, चांदवडी, मल्हारशाही, हाली सिक्का, सुरती, अर्काटी... यादी थांबत नाही. सगळ्यांचं नाव रुपया, पण चांदी कमीजास्त. त्यामुळं पुण्याचा रुपया इंदूरला नेला की सराफ तो पारखायचा, वजन करायचा आणि बट्टा कापायचा. आपण आजही म्हणतो ना, "नावाला बट्टा लागला"? तो बट्टा हाच. तुमच्या नाण्यावर परक्या गावात होणारी कपात. आज विमानतळावरच्या काउंटरवर खरेदीचा आणि विक्रीचा दर वेगवेगळा दिसतो, तो याच बट्ट्याचा नातू.

मग काशीयात्रेला निघालेला माणूस काय करायचा? चांदीची थैली घेऊन जंगलातून जाणं म्हणजे दरोडेखोरांना आमंत्रण. त्यावर उपाय होता हुंडी. आपल्या गावच्या पेढीवर पैसे भरायचे, कागद घ्यायचा, आणि काशीच्या पेढीवर तो दाखवून पैसे उचलायचे. दाखवल्या दाखवल्या पैसे मिळणारी ती दर्शनी हुंडी. ठरलेल्या मुदतीनंतर मिळणारी ती मुदती हुंडी. बाजारात पत असलेल्या माणसाच्या हाती आली तरच वटणारी ती शहाजोग हुंडी. म्हणजे चोराने पळवली तरी त्याला थेट पैसे मिळत नसत.

आता मी पडलो सॉफ्टवेअरवाला, त्यामुळं पुढची गोष्ट मला फार आवडते. हुंडी हरवली तर तिची दुसरी प्रत निघायची, तिला पेठ म्हणत. पेठही हरवली तर परपेठ. म्हणजे बॅकअप आणि बॅकअपचा बॅकअप. क्लाउड यायच्या कितीतरी आधी आपल्या सराफांनी हे सगळं सोडवून ठेवलं होतं. फक्त एक अट होती: जिथं चाललाय तिथं तुमच्या पेढीची ओळख पाहिजे. ओळख संपली की हुंडी म्हणजे नुसता कागद.

१८७०: कोल्हापूरचे महाराज युरोपात

आता आपल्या गावाकडं येऊ. ओळख संपते तिथं काय होतं, याचं याहून चांगलं उदाहरण सापडणार नाही.

१८७०च्या उन्हाळ्यात कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज युरोपला निघाले. म्हणजे शाहू महाराजांच्या आधीची पिढी. वय फक्त वीस. समुद्र ओलांडणं धर्मबाह्य मानलं जायचं तो काळ. सोबत कॅप्टन एडवर्ड वेस्ट हा इंग्रज अधिकारी. महाराज प्रवासात इंग्रजीत डायरी लिहीत होते, आणि ती १८७२मध्ये लंडनला पुस्तक म्हणून छापली गेली. व्हिक्टोरिया राणीची भेटही त्यांनी याच प्रवासात घेतली.

आपला चांदीचा रुपया त्या काळी कुठवर पोचत होता? एडनपर्यंत. एडनचा कारभार मुंबई सरकार बघायचं आणि तिथं रुपयाच चालायचा. बोट तांबड्या समुद्रात शिरली की मात्र रुपयाची ओळख पुसट व्हायला लागायची. पुढं राज्य एकाच नाण्याचं: इंग्लंडचं सोन्याचं सॉव्हरिन. वजन सुमारे ८ ग्रॅम, २२ कॅरेट. त्या वर्षी एका पाऊंडाला साधारण साडेदहा रुपये पडायचे.

आता परतीचा प्रवास बघा. महाराज इंग्लंडमध्ये असतानाच, १९ जुलै १८७०ला फ्रान्सने प्रशियाविरुद्ध युद्ध पुकारलं. सप्टेंबरात पॅरिसला वेढा पडला. त्यामुळं परत येताना पॅरिसचा नेहमीचा रस्ता बंद. महाराज बेल्जियम, जर्मनी, मग ऑस्ट्रियाच्या टिरोलमधून आल्प्स ओलांडून इटलीत उतरले.

या एका रस्त्यावर किती चलनं होती मोजा. बेल्जियमचा फ्रँक. प्रशियाच्या ताब्यातल्या कोलोनला थालर, ज्याचे ३० ग्रोशेन व्हायचे. दक्षिण जर्मनीत गुल्डेन, त्याचे ६० क्रॉयत्सर. ऑस्ट्रियातही गुल्डेनच, पण वेगळा, आणि तो बहुतेक कागदी. शेवटी इटलीत लिरा. युरो सोडाच, जर्मनीचा मार्कसुद्धा अजून जन्माला आला नव्हता. एका रेल्वे प्रवासात पाच चलनं, आणि प्रत्येक हद्दीवर सराफ बट्टा कापायला बसलेला.

त्यात आणखी एक गोम. इटलीने १८६६पासून नोटांच्या बदल्यात सोनं देणं बंद केलं होतं. फ्रान्सनेही ऑगस्ट १८७०मध्ये, युद्ध पेटल्यावर, तेच केलं. म्हणजे नोटेवर सरकारचा शिक्का होता, पण ती बँकेत नेऊन दिली तर सोनं मिळत नव्हतं. त्यामुळं बाजारात एकाच वस्तूच्या दोन किमती: कागद दिलात तर जास्त, सोनं दिलंत तर कमी. इटालियन लोक या फरकाला आज्जो म्हणायचे. आपल्या भाषेत बट्टाच.

मग त्या काळचा शहाणा प्रवासी काय करायचा? तो पैशाचे तीन थर ठेवायचा. पहिला थर, बँकेचं पतपत्र किंवा सर्क्युलर नोट. ही युरोपची हुंडीच. लंडनच्या रॉबर्ट हेरीज नावाच्या बँकरने ही पद्धत १७७२च्या सुमारास सुरू केली. ठरलेल्या शहरांत ठरलेल्या बँकरला दाखवायची आणि तिथल्या चलनात पैसे घ्यायचे. दुसरा थर, त्या त्या देशाची थोडी चिल्लर, हमाल आणि घोडागाडीसाठी. आणि तिसरा थर, सॉव्हरिन किंवा फ्रान्सचं २० फ्रँकचं सोन्याचं नाणं, ज्याला लोक नेपोलियन म्हणायचे. हा बॅकअप. वापरायची वेळ येऊ नये अशी इच्छा, पण आली तर कुणी नाही म्हणू नये अशी खात्री.

गंमत बघा. फ्रान्सचं सरकार युद्धात कोसळलं, तिसरा नेपोलियन स्वतः कैदेत गेला, पण त्याचा चेहरा असलेलं सोन्याचं नाणं बाजारात चालतच राहिलं. घेणाऱ्याला चेहऱ्याशी देणंघेणं नव्हतं. त्याला ६.४५ ग्रॅमशी होतं. रायगडावरचं उत्तर आठवतंय ना? शुद्धता आणि वजन.

या प्रवासाचा शेवट मात्र वाईट आहे. महाराज वाटेतच आजारी पडले, आणि ३० नोव्हेंबर १८७०ला फ्लॉरेन्समध्ये गेले. फ्लॉरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होती. आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर त्यांच्यावर हिंदू पद्धतीने अग्निसंस्कार झाले. तिथं, काशिने बागेच्या टोकाला, छत्रीखाली त्यांचा अर्धपुतळा आजही उभा आहे. ते स्मारक चार्ल्स मँट या वास्तुविशारदाचं, ज्याने आपल्या कोल्हापूरचा नवा राजवाडा उभारला. शेजारच्या पुलाचं नावही भारतीयावरूनच पडलंय, पोन्ते आल'इंदियानो. इटलीला गेलात तर पिसाचा मनोरा बघून परत येऊ नका, इथंही जा. हा आपला माणूस आहे.

१९०२: तोच रुपया, पण पंधरा

३२ वर्षं पुढं जाऊ. १९०२. आता राजर्षी शाहू महाराज इंग्लंडला निघालेत, सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाला. तोच रुपया, तेवढीच चांदी, ११.६६ ग्रॅमचं तेच वजन. पण १८७०ला साडेदहा रुपयांना मिळणारा पाऊंड आता पंधरा रुपयांना.

रुपयाने काय वाकडं केलं होतं? काही नाही. जग बदललं होतं. जर्मनीने १८७१नंतर चांदी सोडून सोनं धरलं, बाकीचे देश मागोमाग गेले. अमेरिकेत चांदीच्या खाणी धो धो वाहायला लागल्या. चांदी घेणारे कमी झाले आणि चांदी मात्र वाढली. आपला रुपया घसरत घसरत १ शिलिंग १ पेनीच्या आसपास आला. १८९३ला सरकारने टांकसाळी लोकांच्या चांदीसाठी बंद केल्या, आणि नंतर एका पाऊंडाला पंधरा रुपये हा दर पक्का केला. म्हणजे १,००० पाऊंडाचा खर्च राजाराम महाराजांच्या वेळी साधारण साडेदहा हजार रुपयांचा, शाहू महाराजांच्या वेळी १५,००० रुपयांचा.

आणि परदेशात बॅकअप का लागतो, याचाही धडा त्याच वर्षी आहे. राज्याभिषेक २६ जूनला ठरला होता. दोन दिवस आधी राजाला अपेंडिक्सचं ऑपरेशन करावं लागलं, आणि सोहळा थेट ९ ऑगस्टवर गेला. जगभरातून आलेले पाहुणे सहा आठवडे टांगणीला. याच दरम्यान, महाराज विलायतेत असताना, २६ जुलै १९०२ला कोल्हापूर दरबारचा ५० टक्के आरक्षणाचा तो ऐतिहासिक हुकूम निघाला. तो वेगळ्या एपिसोडचा विषय. पण मुद्दा काय? प्रवास तुमच्या एक्सेल शीटप्रमाणे चालत नाही. राजाचंही पोट दुखू शकतं.

मुंबईत पडलेली ऑस्ट्रियाची नाणी

घेणारा ठरवतो म्हणजे किती ठरवतो, याचं टोकाचं उदाहरण आपल्या मुंबईत घडलंय. ऑस्ट्रियाच्या मारिया तेरेसा या राणीचं चांदीचं थालर नाणं. राणी १७८०ला गेली. पण इथिओपिया, येमेन आणि तांबड्या समुद्राच्या काठावर लोकांचा विश्वास त्याच नाण्यावर बसला होता. राणीचा तोच चेहरा पाहिजे, तेच दागिने पाहिजेत आणि साल १७८०च पाहिजे. दुसरं काही दिलं की मान हलायची.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश फौजा इथिओपियात इटलीशी लढत होत्या. तिथं धान्य, खेचरं, हमाल विकत घ्यायचे तर स्थानिकांना मारिया तेरेसाच पाहिजे. मग ब्रिटिशांनी काय केलं? १९४०-४१मध्ये आपल्या मुंबईच्या टांकसाळीत ती नाणी पाडली. साल कोरलं, १७८०! जगातलं सगळ्यात मोठं साम्राज्य, पाऊंडाचं मालक, आणि इथिओपियातल्या खेचरवाल्याच्या पसंतीपुढं झुकलं. हे वाचून मला तरी चलनाबद्दलचा अभिमान जरा बाजूला ठेवावासा वाटतो.

हज नोटा, आखाती रुपया आणि दुसरी ६ जून

आता एक उलटं उदाहरण. एके काळी आपला रुपयाच परदेशात चालायचा. कुवेत, बहरीन, कतार, दुबई, ओमान, सगळीकडं. मुंबईतून आणि कोकणातून तिकडं जाणाऱ्याला चलन बदलायची गरजच नव्हती. हजला मुंबईहून बोटीने निघालेले यात्रेकरूही रुपयेच घेऊन जायचे.

यात एक भोक होतं. भारतात सोनं महाग, दुबईत स्वस्त. तस्कर रुपये तिकडं न्यायचे, सोनं घ्यायचे, आणि गुपचूप मुंबईच्या किनाऱ्यावर उतरवायचे. तिकडच्या बँकांकडं साठलेले रुपये मग रिझर्व्ह बँकेकडं यायचे, आणि त्याबदल्यात आपल्याला पाऊंड मोजावे लागायचे. परकीय चलनाचा साठा अशा रीतीने झिरपत होता.

म्हणून १९५९मध्ये सरकारने वेगळ्या नोटा काढल्या. आखातासाठी वेगळ्या रंगाच्या, नंबराआधी 'झेड' अक्षर असलेल्या नोटा. हज यात्रेकरूंसाठीही वेगळ्या, नंबराआधी 'एच ए' असलेल्या. या नोटा भारतातल्या बाजारात चालत नव्हत्या. एकाच देशाने एकाच नावाचा रुपया बाहेरच्यांसाठी वेगळा छापला.

तो फार काळ टिकला नाही. कुवेतने १९६१ला स्वतःचा दिनार आणला, बहरीनने १९६५ला. आणि मग आली ती दुसरी ६ जून. ६ जून १९६६ला इंदिरा गांधींच्या सरकारने रुपयाचं अवमूल्यन केलं. डॉलर ४ रुपये ७६ पैशांवरून थेट साडेसात रुपयांवर. कतार आणि दुबईने महिन्याभरात रुपया सोडला, तात्पुरता सौदी रियाल धरला आणि मग स्वतःचं चलन काढलं. ओमान तेवढा १९७०पर्यंत थांबला. रुपया तिथं कुणी हुकूम काढून आणला नव्हता, घेणाऱ्यांच्या भरवशावर चालत होता. भरवसा गेला तसा रुपयाही गेला.

आठ डॉलरची पिढी

त्या अवमूल्यनानंतरच्या काळात परदेशी गेलेल्या पिढीला एक आकडा विचारा, झोपेतही सांगतील: आठ डॉलर. परकीय चलनाची इतकी टंचाई की विमानात बसणाऱ्याला एवढीच कॅश नेता यायची. १९६५ला अमेरिकेने आपला इमिग्रेशन कायदा बदलल्यावर कितीतरी मराठी इंजिनियर आणि डॉक्टर असे आठ डॉलर खिशात घालून न्यूयॉर्कला, शिकागोला उतरले. घरी शेतीवाडी असेल, बँकेत रुपये असतील, पण त्या विमानतळावर त्यांची किंमत शून्य. कुठलं चलन न्यायचं हा प्रश्न त्यांना पडलाच नाही. किती, हे सरकार ठरवायचं. टॅक्सी केली की संपलं.

मग त्यांचा बॅकअप काय होता? माणसं. कुणाच्या तरी ओळखीच्याचा पत्ता लिहिलेलं एक चिठोरं. म्हणजे परत हुंडीच की! फरक एवढाच की पेढीची पत नव्हती, नात्याची होती. तिकडच्या महाराष्ट्र मंडळांची मुळं मला या चिठोऱ्यांत दिसतात.

आणि १९९१ला हीच वेळ अख्ख्या देशावर आली. परकीय चलन जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरतं उरलं. तेव्हा जुलैमध्ये रिझर्व्ह बँकेने सुमारे ४७ टन सोनं मुंबईहून विमानाने बँक ऑफ इंग्लंडकडं गहाण पाठवलं. घरात अडचण आली की आपण गुजरीत पाटल्या घेऊन जातो, तसंच. देशालासुद्धा शेवटी असाच बॅकअप काढावा लागला, जो घ्यायला समोरचा नाही म्हणणार नाही.

२०२२: बॉर्डरवरची रांग

हा सगळा इतिहास जुना वाटत असेल, तर २४ फेब्रुवारी २०२२ आठवा. रशियाने युक्रेनवर हल्ला केला. तिथं हजारो भारतीय मुलं मेडिकल शिकत होती, आपल्या महाराष्ट्रातलीही बरीच. त्याच दिवशी युक्रेनच्या मध्यवर्ती बँकेने रोख काढण्यावर मर्यादा घातली आणि परकीय चलन काढणं थांबवलं. एटीएमपुढं रांगा लागल्या.

ज्यांच्याकडं युक्रेनची कॅश होती, तेही बॉर्डर ओलांडल्यावर अडकले. पोलंडमध्ये, हंगेरीत, रोमानियात युक्रेनचं रिव्हनिया घ्यायला सराफ तयार नव्हते. हल्ल्याखालच्या देशाची नोट कोण घेणार? निर्वासितांचे रिव्हनिया बदलून द्यायची व्यवस्था करा, अशी शिफारस युरोपियन युनियनला एप्रिलमध्ये करावी लागली. थंडीत, बॅग ओढत, बॉर्डरवर उभ्या पोरासाठी एप्रिल फार लांब असतो. ज्याच्या मोज्यात शंभराची डॉलर किंवा पन्नासाची युरो नोट होती, त्याला मात्र हा प्रश्न नव्हता.

पलीकडं रशियातही तेच, उलट्या बाजूने. मार्च २०२२मध्ये व्हिसा आणि मास्टरकार्डने तिथलं काम थांबवलं. बाहेरच्या देशात काढलेली त्यांची कार्डं रशियात एका आठवड्यात प्लास्टिकचे तुकडे झाली.

मग न्यायचं काय?

आता या साडेतीनशे वर्षांतून आपल्या खिशापुरतं काढू.

एक. बॅकअप म्हणजे वेगळ्या कारणाने बंद पडणारी गोष्ट. आम्ही सर्व्हरच्या बाबतीत हेच करतो. दोन कार्डं एकाच बँकेची आणि एकाच नेटवर्कची असतील तर तो बॅकअप नाही, ती एकाच चुकीची झेरॉक्स आहे. यूपीआय आज नेपाळ, भूतान, सिंगापूर, यूएई, श्रीलंका, मॉरिशस, फ्रान्स इथं काही ठिकाणी चालतं, आनंद आहे. पण फोन बंद पडला की तेही बंद. १८७०च्या प्रवाशाचे तीन थर आजही तसेच ठेवा: कार्ड, पहिल्या दिवसापुरतं स्थानिक चलन, आणि तिसरं कुठंही चालेल असं काहीतरी.

दोन. तिसऱ्या थराला, आजच्या तारखेला, बहुतेक ठिकाणी उत्तर डॉलर. युरोप आणि आजूबाजूच्या देशांत युरो. डॉलर आपल्याला आवडतो म्हणून नाही, तर हनोईचा सोनार, नैरोबीचा टॅक्सीवाला आणि पोलंडचा सराफ तो न बघितल्यासारखा घेतो म्हणून. स्थानिक चलन मात्र बॅकअप म्हणून साठवू नका. त्या देशात गडबड झाली की तेच आधी पडतं.

तीन. नोटेचं रंगरूप बघा. अमेरिका आपली जुनी नोट कधी रद्द करत नाही, पण आग्नेय आशियातले आणि आफ्रिकेतले कितीतरी सराफ जुन्या छापाची, दुमडलेली, शाई लागलेली डॉलरची नोट परत करतात किंवा दर पाडतात. परत तेच, घेणाऱ्याची मर्जी. कोऱ्या नोटा घ्या. शंभराच्या नोटेला बऱ्याच ठिकाणी दर चांगला मिळतो, आणि टॅक्सीसाठी पाच-वीसच्याही थोड्या ठेवा.

चार. आपला रुपया गृहीत धरू नका. भूतानमध्ये तो त्यांच्या नुल्ट्रमच्या बरोबरीने चालतो. पण नेपाळने डिसेंबर २०१८मध्ये १००पेक्षा मोठ्या भारतीय नोटांवर बंदी घातली होती. त्यामागं आपल्या २०१६च्या नोटाबंदीत तिथं अडकून पडलेल्या नोटांचा अनुभव होता. निघताना तिथला ताजा नियम बघूनच निघा.

पाच. कायदा. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने बहुतेक देशांत एका फेरीला ३,००० डॉलरपर्यंतच परकीय रोख नेता येते, बाकी कार्डावर. भारतीय रुपये २५,००० पर्यंत. परत येताना ५,००० डॉलरपेक्षा जास्त नोटा असतील तर कस्टमला सांगायचं. उरलेल्यातले २,००० डॉलरपर्यंत घरी ठेवता येतात, वरचे १८० दिवसांत परत करायचे. नोटा घ्यायच्या त्या परवानाधारक मनी चेंजरकडून किंवा बँकेतून, पावतीसकट. आठ डॉलरवाल्या पिढीला हे आकडे ऐकवून बघा, चेहरा बघण्यासारखा होईल.

आणि डॉलर कायमचा राजा आहे असंही समजू नका. १८७०ला चांदीचा रुपया घेऊन फिरणाऱ्यालाही तो कायमचा वाटत होता. १९५९ला दुबईत रुपया मोजणाऱ्यालाही. उद्या जग कशावर विश्वास ठेवेल ते उद्याचे सराफ ठरवतील. म्हणून दर वेळी निघण्याआधी "माझ्याकडं काय आहे" हे विचारू नका. "तिथला माणूस काय घेईल" हे विचारा. रायगडावर महाराजांनी इंग्रजांच्या वकिलाला वेगळं काय सांगितलं होतं?

आजच्यासाठी एवढंच. तुमच्या घरात आठ डॉलरवालं कुणी असेल, आखातात रुपया वापरलेलं कुणी असेल, किंवा आजोबांच्या पेटीत 'एच ए' नंबरची हज नोट असेल, तर आम्हाला जरूर कळवा. त्यावर एक अख्खा एपिसोड होईल. भेटू पुढच्या आठवड्यात. तोवर ऐकत राहा, वाचत राहा, आणि सुट्टे जवळ ठेवा!